यामिनीच्या चार दाढा

अकोला,
२ जुलै २०२३

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं-माझं जे झालं ते पुन्हा नको, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू बोलतेस तेव्हा मी ऐकत नाही, आणि मी बोलायला लागले की तू फोन ठेवतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

यामिनीला परवा डॉ. अफसाना यांच्याकडे नेलं. दात वाकडे असले, पुढे आलेले असले की तार लावून सरळ करतात त्या. अकोल्यात त्यांचं नाव चांगलं आहे. त्यांनी डोक्याचा बाजूने एक्स-रे काढला, दातांचे साचे घेतले आणि सगळं समजावून सांगितलं. तिच्या जबड्यात दातांना जागा कमी आहे, पुढचे दात बाहेर झुकले आहेत, त्यात चेहऱ्याचा खालचा भाग लांब. म्हणून तिचे ओठ आपोआप मिटत नाहीत, जोर लावून मिटावे लागतात. झोपेत तोंड उघडं राहतं, सकाळी घसा कोरडा पडतो. यावर त्यांचं मत असं की सुळ्यांच्या मागच्या लहान दाढा, वर दोन आणि खाली दोन, काढायच्या आणि त्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचे.

आता अवघड गोष्ट. त्यांनी विचारलं की आई तुम्हीच ना, तर मी होय म्हणून गेले. मग त्यांनी पोरीचे कागद पाहिले. त्यावर आईचं नाव तुझं. मला तिथेच खुर्चीत बसून सगळं सांगावं लागलं. जुळ्या मुली वेळेआधी झाल्या, माझी बहीण दवाखान्यात अंथरुणाला खिळली, म्हणून एक मी चार महिन्यांसाठी अकोल्याला आणली आणि ती माझ्याकडेच राहिली. यामिनीला हे काही नवीन नाही. तरी ती छताकडे पाहत पडून होती आणि मी परक्या बाईला आमचं घर उलगडून दाखवत होते.

डॉक्टर म्हणाल्या की चांगले दात काढायचे तर आईवडिलांची सही हवी. तेव्हा तू आणि श्यामरावांनी एका रविवारी येऊन जावं. रागिणीला तुम्ही दिवाळीतच दात न काढता तार लावली, हे मला माहीत आहे. तुला माझं म्हणणं आवडणार नाही, हेही माहीत आहे. तरी ये.

तुझ्या भावजींचा नमस्कार. रागिणीला गोड पापा. आमच्यावर नेहमीची माया राहू दे.

तुझी,
ताई

•

अमरावती,
६ जुलै २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. सही मी करणार नाही.

चार चांगले, कीडही न लागलेले दात काढायचे? आमच्या तिवशाच्या शाळेतल्या बेबीताई तुला आठवतात का, मागे हळदीकुंकवाला आल्या होत्या त्या? त्यांचे लहानपणी असेच चार दात काढले होते. आज चाळिशीत गाल आत गेलेत, नाक आणि हनुवटी जवळ आल्यासारखी वाटतात. मोबाइलवर तर कितीतरी जण सांगतात की दात काढले की चेहऱ्याची उंची कमी होते, माणूस अकाली म्हातारं दिसतं. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की रागिणीला दात काढायची गरज नाही, दातांची कमान थोडी रुंद केली की जागा होते. रागिणीला गरज नाही तर यामिनीला कशी? दोघींची तोंडं एकाच साच्यातली आहेत.

माझं सरळ म्हणणं आहे. यामिनीला इकडे आण. इथले डॉक्टर दोघींना सारखीच तार लावतील. आणि आणतेच आहेस तर तिला इकडेच राहू दे. पुढच्या वर्षी दहावी. दोघी एका शाळेत जातील, एका टेबलावर अभ्यास करतील. चार महिन्यांसाठी नेली होतीस, चौदा वर्षं झाली. मी कधी शब्द काढला नाही. आज काढते आहे.

श्याम सध्या नांदगाव पेठेच्या गिरणीत रात्रपाळीला आहेत, त्यांनाही हेच वाटतं. भावजींना नमस्कार सांग. रागावलीस तरी माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
माधवी

•

अकोला,
१० जुलै २०२३

चि. माधवी,
आशीर्वाद.

मी दात काढायचं विचारलं आणि तू पोरगीच काढून मागितलीस. पत्र वाचून यांनी नुसतं घडी करून फळीवर ठेवलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले. जेवायला या म्हटलं तर म्हणाले, भूक नाई. माधवी, या माणसाने तिला सायकल शिकवताना स्वतःचा गुडघा फोडून घेतला होता. त्याला काय सांगू मी? वापस द्या म्हणून?

तुझी एक शंका खरी आहे असं समजून मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांना स्पष्ट विचारलं की दात काढल्यावर पोरीचा चेहरा बुटका होईल काय. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी एक्स-रेवर नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंत रेघ ओढून दाखवली. म्हणाल्या की या उंचीवरून डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं वाद आहे. दात काढले की मागच्या दाढा पुढे सरकतात, जबडा जरा मिटतो आणि उंची घटते, असं काही जण मानत आले. दात न काढता कमान रुंद केली की उंची वाढते, असंही म्हणतात. पण दोन्ही तऱ्हेच्या पेशंटांची मापं घेऊन पाहिली तेव्हा बहुतेक ठिकाणी फरक फार थोडा निघाला. वाढत्या वयात जबडा वाढतच असतो, आणि उंची ठरते ती जास्त त्याच्यावर आणि मुळात कोणाचा चेहरा कसा आहे त्याच्यावर.

मी लोभाने विचारलं की मग हिचा लांब चेहरा दात काढून आखूड तरी होईल ना. त्यावर त्या म्हणाल्या की ते वचन मी देत नाही. ओठ थोडे मागे जातील आणि सहज मिटतील, एवढंच सांगू शकते. तुमचे अमरावतीचे डॉक्टरही चुकीचे नाहीत, म्हणाल्या. अशी तोंडं सीमेवरची असतात, एकजण दात काढतो, एकजण नाही. तू बेबीताईंचं सांगितलंस तेही मी विचारलं. चाळिशीत गाल बसायला इतर शंभर कारणं असतात, असं उत्तर आलं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर तरी सांग, तुझी भीती दातांची आहे काय? मले नाई वाटत. दातांची असती तर तू डॉक्टर मागितला असतास, पोरगी नाही.

काहून असं करून राहिली तू माधवी? उत्तर दे. रागात असले तरी आशीर्वाद खरे आहेत.

ताई

•

अमरावती,
१४ जुलै २०२३

ती. ताईस,
सा. न.

तू विचारलंस म्हणून लिहिते.

सुट्टीत यामिनी येते. पहिल्या दिवशी पाहुण्यासारखी बसते, मला माधवीआई म्हणते, पाणी मागून घेते. स्वयंपाकघरात स्वतःहून हात लावत नाही. मी तिला काय आवडतं ते विसरते आणि तिला वाईट वाटू नये म्हणून ती नावडतं खाते. अशा वेळी मी दोघींना शेजारी बसलेलं पाहते. तेच कपाळ, तीच हनुवटी, हसताना तोच वर जाणारा ओठ. तेवढं पाहिलं की मला बरं वाटतं. ती माझी आहे हे कोणाला सांगावं लागत नाही, तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. आता तिचे दात काढणार, ओठ मागे नेणार, चेहरा बदलणार. मग माझ्याकडे तिचं काय उरलं, सांग. तुझ्याकडे तिची चौदा वर्षं आहेत. माझ्याकडे फक्त हे एक आहे.

तू म्हणशील हा वेडेपणा आहे. असेल. पण आई मी आहे आणि सही माझी लागते.

श्याम रविवारी, तेवीस तारखेला, गाडी घेऊन येतील. तिचे कपडे आणि पुस्तकं भरून ठेव. शाळेच्या दाखल्याचं नंतर पाहता येईल. भांडण वाढवू नकोस. मला तुझ्याशी भांडायचं नाही, पण मागेही हटायचं नाही.

भावजींनी मला माफ करावं.

माधवी

•

अमरावती,
२० जुलै २०२३

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी तुला फक्त एवढंच सांगू शकले की यामिनी माझ्याजवळ आहे, सुखरूप आहे, रडू नकोस. तुझा श्वास लागलेला ऐकू येत होता. तू आणि भावजी तिच्या शाळेत, तिच्या मैत्रिणींकडे, स्टँडवर शोधत फिरलात, हे नंतर कळलं. काय झालं ते आता सगळं लिहिते.

दुपारी तिवशाला मी सहावीचा वर्ग घेत होते. दारात मुलगी उभी राहिली. खांद्याला बॅग, तोंडावर हात. उन्हामुळे अर्धाच चेहरा दिसत होता. मी फळ्याकडून वळले आणि सगळ्या पोरांसमोर ओरडले, की रागिणी, शाळा बुडवून इथे कशी आलीस, लाज नाही वाटत?

तिने तोंडावरचा हात काढला. दातांवर तार नव्हती.

ती म्हणाली, मी यामिनी आहे.

ताई, माझ्या हातातला खडू खाली पडला तो मी उचललाही नाही. मी तिला बाहेर घेऊन आले. व्हरांड्यात कठड्यावर बसवलं, पाणी दिलं. अकोल्याहून नागपूरची एसटी धरून ती एकटी आली होती, कंडक्टरला मावशीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. बॅगेतून डॉक्टरांचा कागद काढून माझ्यासमोर धरला आणि बोलायला लागली.

ती म्हणाली की तुमची पत्रं आली की घरी कोणी धड जेवत नाही, त्यावरून मला कळलं. मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. वक्तृत्वात मी जिल्ह्याला जाऊन आले, पण प, ब, म आले की मला ओठ ओढून आणावे लागतात आणि मागच्या बाकावरचे पोट्टे तोंड वाकडं करून तसंच करून दाखवतात. म्हणून मी हात धरून बोलते. हात धरून कोणी भाषण करतं का? मला माझे ओठ मिटायला पाहिजेत. चेहरा रागिणीसारखा राहिला काय अन् नाही राहिला काय. मग ती हळूच म्हणाली की तो सारखा होता तरी तुम्ही मला ओळखलं नाही, माधवीआई.

तिने हे टोचायला म्हटलं नाही. तिच्या लेखी ती फक्त झालेली गोष्ट होती. म्हणूनच मला ती सोसली नाही.

मी तिथेच कठड्यावर कागद ठेवून सही केली. श्यामची संध्याकाळी घेतली. रागिणीने तिला आपल्या ताटात जेवायला बसवलं आणि तारेत अडकलेलं कसं काढायचं ते दाखवत बसली. दोघी खूप हसल्या.

रविवारी श्याम गाडी घेऊन येतील, पण तिला पोचवायला. तिला मारू नकोस, रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर. मी उत्तराची वाट पाहते.

तुझी,
माधवी

•

अकोला,
९ ऑगस्ट २०२३

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

मी तिला मारलं नाही. आली तशी पोटाशी धरली आणि मग दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. यांनी मात्र तिला दुसऱ्याच दिवशी दहीवडे आणून दिले आणि मी रागावले तर म्हणाले, पोट्टी हिमतीची आहे, आईवर गेली. आईवर म्हणजे तुझ्यावर की माझ्यावर, ते विचारलं नाही.

काल पहिल्या दोन दाढा काढल्या, उजवीकडच्या. मी बाहेर बाकावर बसले होते. आत ती ओरडली नाही, पण भांडं वाजलं की मी उठून दाराशी जाई. मनात सारखं येत होतं की माधवीचंच बरोबर असलं तर? पोरीचं तोंड बिघडलं तर ते माझ्या हट्टाने बिघडलं असं होईल, आणि पोरगी तर माझी नाही. हा विचार मी कोणाला बोलून दाखवला नव्हता. तुला लिहिते आहे.

बाहेर आली तेव्हा गालात कापूस होता, डोळे लाल. डॉक्टरांनी दाढा डबीत घालून दिल्या. मला पाहवेनात. तिने रिक्षात खूण करून कागद मागितला आणि लिहिलं, की माधवीआईला फोन करून सांग, दुखत नाही. तुला आधी सांगायला सांगितलं तिने. तेव्हा मी फोन केला तो असा होता. तुला वाटलं मी शांत आहे. मी शांत नव्हते.

उरलेल्या दोन पुढच्या आठवड्यात. तू यावंस असं मला वाटतं. सहीसाठी नाही. बाकावर माझ्याजवळ बसायला.

वाट पाहणारी,
ताई

•

अकोला,
१२ मे २०२४

ती. माधवीआईस,
यामिनीचा साष्टांग नमस्कार.

उरलेल्या दाढा काढल्या तेव्हा तू आणि आई बाकावर हात धरून बसला होतात आणि मला बाहेर आलेली पाहून दोघी एकदम उठलात, त्याची मी अजून नक्कल करते. बाबा खूप हसतात.

आता इकडची हालत. दाढांच्या जागा अर्ध्या बुजल्या. दर महिन्याला तार आवळली की तीन दिवस वरणात पोळी कुस्करून खाते. मधे एक दिवस मी आरशात पाहिलं आणि भ्यायले. गाल बारीक वाटले. तू म्हणायचीस ते खरं झालं असं वाटलं. आईला सांगितलं नाही, कारण ती लगेच जेवण सोडते. मी सरळ डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझं वजन घेतलं, ते कमी झालेलं निघालं, आणि दूध-केळी खा म्हणून सांगितलं. मग मापही घेतलं. नाकापासून हनुवटीपर्यंत माझं अंतर थोडं वाढलंच आहे, कमी नाही. मी वाढून राहिली म्हणे. मी विचारलं की रागिणीचं किती? तर म्हणाल्या की तिचाही एक्स-रे आणला तर सांगेन, पण तो तुमच्या शंकेसाठी काढायचा नाही, तिच्या डॉक्टरांनी काढला तर दाखवा.

रागिणीला सांग की तिने जेवताना फोटो पाठवणं बंद करावं. मला भुट्टा चावता येत नाही हे तिला माहीत आहे.

आणि एक. या सुट्टीत मी आले तेव्हा मला वांग्याचं भरीत आवडत नाही हे आठवून तू ते न विचारताच माझ्या ताटात वाढलं नाहीस. माझ्या लक्षात आलं.

श्यामबाबांना आणि रागिणीला नमस्कार, म्हणजे श्यामबाबांना नमस्कार आणि रागिणीला चापट. माझ्यावर अशीच माया कर.

यामिनी

•

अकोला,
८ जून २०२५

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

तार निघाली. काल सकाळी तू फोनवर फोटो पाहिलाच, पण फोटोत दिसत नाही ते लिहिते. घरी आल्यावर ती ओट्याशी भाजी निवडत बसली होती, स्वतःच्या विचारात, आणि तिचे ओठ मिटलेले होते. तिला ठाऊकही नव्हतं. मी कुकरची शिट्टी मोजायची विसरले.

रागिणीच्या डॉक्टरांनी तिची तार लावण्याआधी आणि काढताना घेतलेले एक्स-रे तू पाठवलेस, ते मी डॉ. अफसानांना दाखवले. त्यांनी दोघींचे दोन्ही वेळचे लावून रेघा ओढल्या. दोघींच्या चेहऱ्याची उंची वयाप्रमाणे वाढली आहे आणि जवळजवळ सारखीच वाढली आहे. यामिनीचे चार दात गेले, रागिणीचा एकही नाही, आणि उंचीत नखभर फरक. त्या म्हणाल्या की दोन मुलींवरून काही सिद्ध होत नाही, पण आपण ज्याला भ्यालो ते घडलं नाही हे खरं. फरक पडला तो ओठांत. रागिणीचे जरा भरलेले, पुढे. तिला ते आवडतात म्हणतेस ना, मग झालं. हिचे मागे गेले. बाजूने पाहिलं तर आता दोघी बहिणी दिसतात, जुळ्या दिसतीलच असं नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लिहायला मला चार दिवस लागले. दहावीचा निकाल लागल्यापासून यामिनी गप्प होती. मागच्या आठवड्यात म्हणाली की अकरावीला मला अमरावतीला जायचं आहे, रागिणीसोबत, माधवीआईकडे. मी विचारलं की कोणी काही बोललं काय. नाही म्हणाली. मी विचारलं, आमचं काही चुकलं काय. तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, मले दोन्ही घरं पाहिजेत, अन् हे घर तर मले कोणी मागूनही नाई घेऊ शकत.

दोन वर्षांपूर्वी तू मागितलीस तेव्हा मी दिली नाही. आज ती स्वतः निघाली तर मी अडवणार नाही. हे तिची बॅग दुरुस्त करून आणायला गेलेत.

सकाळी उठवताना आधी पडदा उघड, आवाज देऊ नकोस, चिडते. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर दिला आहे, तो रोज झोपताना घालायचा आहे, आणि ती विसरते. भाषणाच्या आधी काही खात नाही, आग्रह करू नकोस. कधी उदास दिसली तर लगेच विचारू नकोस, जवळ बसून काहीतरी काम काढ. आणखी खूप आहे. सुचेल तसं कळवीन.

तिला जप. मलाही.

ताई

•

अमरावती,
२९ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यामिनी मजेत आहे. कॉलेज सुरू झालं. तू लिहिलेलं सगळं मी पाळते आहे, फक्त पडदा रागिणी उघडते आणि उशी फेकून मारते, त्यावर माझा इलाज नाही.

पहिले काही दिवस मला धास्ती होती. रोज वाटायचं, आज ती म्हणेल की मला परत जायचं आहे. ती तुझ्याशी फोनवर बोलायला गच्चीवर जायची आणि मी जिन्याखाली उगाच झाडू फिरवत राहायची. आता जात नाही ती गच्चीवर. माझ्यासमोरच बोलते, आणि तुझ्या तक्रारी मला सांगते, माझ्या तुला.

परवा घडलं ते तुला सांगायचं होतं. आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या पार्बताबाई ओळख करून घ्यायला आल्या. दोघी पोरी समोर बसून शेंगा फोडत होत्या. पार्बताबाईंनी दोघींकडे बारकाईने पाहिलं आणि मला विचारलं की यातली तुमची कोणती?

मी काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही. मी तोंड उघडायच्या आत यामिनीच बोलली. रागिणीकडे बोट दाखवून म्हणाली, हे यायची, माधवीआईची. मी अकोल्याच्या रुख्मिणीबाईची, अथी कॉलेजात शिकाले आली. अगदी सहज, शेंग फोडता फोडता तुझं नाव घेतलं तिने.

पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागिणीनेही पाहिलं. तिला वाटलं असावं मी आता दुरुस्त करीन.

मी म्हणाले, होय, ही माझ्या ताईची लेक.

यामिनीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मग ओंजळभर दाणे माझ्या हातात ठेवले.

पोळ्याला ये, ताई. भावजींना घेऊन ये. चार दिवस राहा. पोरींसाठी म्हणून नको, माझ्यासाठी ये.

तुझीच,
माधवी